उसवून बघ

तंबू शिवण्यात ज्याची हयात गेली त्याला तंबू ठोकता येऊ नये, असं सांगितलं तर कोणी खरं मानणार नाही. पण मास्तरांचं तसंच होतं. चव्वेचाळीस वर्षांत त्यांच्या हाताखालून किती तंबू गेले याची गणती नाही, आणि त्यातल्या एकातही ते कधी झोपले नव्हते. कारखान्यात तंबू तपासायचा म्हणजे छताच्या आकड्यांना त्याचे कान अडकवून तो लोंबकळत ठेवायचा, आत शिरायचं, शिवणीवरून बोट फिरवायचं आणि बाहेर यायचं. झालं काम. गिऱ्हाइकाकडे जाणं, जागा बघणं, खुंट्या ठोकणं, दोऱ्या ताणणं हे सगळं धाकट्या भावाकडे. मास्तर उंबरठा ओलांडत नसत, आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. बाहेरची कामं काय, कोणीही करतं, असं ते म्हणायचे.

म्हणूनच त्या संध्याकाळी, घरापासून सहाशे किलोमीटरवर, हमरस्त्यालगतच्या मुक्कामाच्या मैदानात त्यांनी व्हॅनमधून तंबूचं गाठोडं ओढून काढलं, कापड पसरलं, काठ्या जोडल्या आणि गाठोड्याच्या तळाशी हात घातला, तेव्हा हाताला काहीच लागलं नाही. गाठोडं उलटं करून झटकलं. एक वाळलेलं झुरळ पडलं. खुंटी एकही नाही.

"वा मास्तर," ते मोठ्याने म्हणाले, "चांगलं नाव काढलंत!"

स्वतःशी मोठ्याने बोलायची सवय त्यांना बायको गेल्यापासून लागली होती. सहा वर्षं झाली. आधी घरातल्या घरात, मग कारखान्यात, आणि गेल्या वर्षी कारखाना बंद केल्यावर कुठेही. रस्त्याने दोन दिवस ते शिवणयंत्राशी बोलत आले होते. वडिलांचं जुनं, हाताने फिरवायचं, काळं लोखंडी मशीन त्यांनी शेजारच्या सीटवर ठेवलं होतं आणि ते वळणावर कलंडू नये म्हणून त्याला पट्टा लावला होता. "पाणी पिणार का?" असं त्यांनी एकदा त्याला विचारलं, आणि मग स्वतःच ओशाळून काच खाली केली.

मैदान सांभाळणाऱ्या बाई लांबून हे सगळं बघत होत्या. पन्नाशीच्या, अंगात पुरुषी जाकीट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्या वाजत वाजत जवळ आल्या.

"काय काका, घोडं कुठे अडलं?"

"खुंट्या नाहीत."

"घरी विसरलात?"

"घरी कधी नव्हत्याच."

बाईंनी कापडाकडे पाहिलं, खाली वाकून शिवण चिमटीत धरली. "तंबू मात्र झकास आहे. असा आता मिळत नाही. कुठून घेतलात?"

"घेतला नाही. मीच शिवलाय. म्हणजे आमच्या कारखान्यातला आहे."

"तंबूवाले तुम्ही, आणि खुंट्या नाहीत?" बाई खळखळून हसल्या. "म्हणजे न्हाव्याने शेजारी वस्तरा मागण्यातली गत झाली की!"

मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबायला हव्या होत्या, पण झोंबल्या नाहीत. दोन दिवसांत माणसाशी त्यांचं बोलणं म्हणजे 'टाकी फुल्ल करा' आणि 'एक चहा'. कोणी हसत होतं हेच त्यांना बरं वाटलं.

बाईंनी ऑफिसातून एक डबा आणला. वेगवेगळ्या रंगाच्या, वाकलेल्या, गंजलेल्या खुंट्या होत्या. "लोक काय वाटेल ते विसरून जातात. खुंट्या, चपला, कवळी. एकदा एक जण सासूला विसरून गेला. पाऊण तासाने परत आला बिचारा. पाऊण तास म्हणजे विचार करूनच आला असणार." असं बोलत बोलत त्यांनी पहिली खुंटी जमिनीवर टेकवली. मास्तरांनी हातोडी उचलली.

"अहो, सरळ नाही, सरळ नाही! तिरपी. ताण जिकडून येतो तिकडे पाठ करून तिला उभी करायची. सरळ ठोकलीत तर पहिल्या वाऱ्याला बाहेर."

मास्तरांनी एक खुंटी ठोकली, एक अंगठ्यावर मारून घेतली, आणि तिसऱ्यापर्यंत त्यांना जमायला लागलं. धाकट्याने असे किती हजार घाव घातले असतील, असा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदाच आला. आला आणि गेला.

"एकटेच कुठे निघालात एवढ्या लांब?" बाईंनी दोरी ताणत विचारलं.

"भावाकडे. धाकटा भाऊ आहे. त्याचे डोळे चाललेत."

"अरेरे! मग बरं केलंत निघालात ते. त्याला दिसतंय तोवर भेटलेलं बरं."

मास्तरांनी मान हलवली. हे निघणं काही साधंसुधं नव्हतं, हे त्यांनी बाईंना सांगितलं नाही. ते भावाला भेटायला नव्हे, तर माफ करायला निघाले होते.

बाई गेल्या. नळावर हातपाय धुऊन मास्तर सिमेंटच्या बाकावर बसले आणि पावाबरोबर दोन उकडलेली अंडी खाल्ली. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला एका कुटुंबाची गाडी होती. तिथे कंदिलाभोवती चार-पाच माणसं पत्ते खेळत होती, आणि दर थोड्या वेळाने कोणीतरी लबाडी केल्याचा आरडाओरडा होत होता. मास्तरांना वाटलं, उठून तिकडे जावं. काय म्हणून जावं हे सुचेना. मीठ मागावं? मीठ त्यांच्याकडे होतं. त्यांनी पुडी उघडून अंड्यावर मीठ घातलं आणि ते बसून राहिले.

अकरा वर्षांपूर्वी एका शाळेने सहलींसाठी चोवीस तंबू शिवायला दिले होते. कारखान्याची रीत अशी की तंबूच्या भिंती आणि दारं मास्तरांकडे, आणि छप्पर धाकट्याकडे. भिंतीला जाड सुई चालते, दोरा कोरडा असला तरी चालतो. छपराचं तसं नाही. छपराला बारीक सुई लागते आणि मेणातून ओढलेला दोरा लागतो, कारण सुईने पाडलेलं भोक दोऱ्याने पुरतं भरलं पाहिजे. भोक मोठं आणि दोरा कोरडा, की पाणी आत आलंच. धाकटा हे काम वडिलांच्या मशीनवर करायचा. कडेला येऊन दोरा कापायचा आणि टोकाला हाताने एक बारीक गाठ मारायचा. मास्तरांची पद्धत वेगळी. कडेला पोचले की मशीन उलटं फिरवून तीन टाके मागे यायचे. दोघांचं काम डोळे मिटून ओळखू यावं इतकं वेगळं होतं.

शाळेची मुलं डोंगरावर गेली, पहिल्याच रात्री पाऊस पडला आणि तंबू गळले. मुलं रात्रभर ओल्या कपड्यात कुडकुडत बसली. एका मुलीला न्यूमोनिया झाला, ती महिनाभर दवाखान्यात होती. बरी झाली, पण तोवर शाळेने सगळे तंबू परत आणून कारखान्याच्या दारात टाकले होते आणि गावभर व्हायची ती शोभा झाली होती.

मास्तर धाकट्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. गळकं छप्पर म्हणजे धाकट्याचं छप्पर, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. एक तंबू त्यांनी आकड्यांना टांगला आणि सगळ्या कामगारांसमोर ओरडले, "बघ, तुझी करणी बघ!" धाकटा तंबूच्या आत गेला. बराच वेळ आत उभा होता. मास्तर बाहेरून ओरडतच होते. मग तो बाहेर आला आणि एवढंच म्हणाला, "दादा, उसवून बघ."

"मला उसवून बघायची गरज नाही!" मास्तर म्हणाले. "चव्वेचाळीस वर्षं झाली या धंद्यात." तेव्हा चौतीसच झाली होती, पण रागात आकडे वाढतात.

त्याच आठवड्यात धाकट्याने बायको-मुलीला घेऊन घर सोडलं. लांबच्या शहरात जाऊन गाद्यांच्या कारखान्यात नोकरी धरली. जाताना वडिलांचं मशीनही मागितलं नाही. मास्तरांची बायको मरेपर्यंत म्हणत होती, "अहो, एकदा बोलावून घ्या त्याला." मास्तर म्हणायचे, "त्याने चूक कबूल करावी, मी उद्या बोलावतो." ती गेली तेव्हा धाकटा येऊन गेला. स्मशानात लांब उभा राहिला, आणि दोघांत एक शब्द झाला नाही.

आणि महिन्यापूर्वी भावजयीचं पत्र आलं. अक्षर तिचं, शब्द धाकट्याचे. डोळ्यांच्या मागची नस सुकत चालली आहे, डॉक्टर दोन-तीन महिन्यांचं बोलतात. दुपारच्या उजेडात थोडंफार दिसतं, चारनंतर नुसत्या सावल्या. शेवटी लिहिलं होतं : 'ये. आठ दिवस राहा. तंबूंचं बोलायचं नाही.'

पत्र वाचून मास्तर रडले. मग डोळे पुसून त्यांनी ठरवलं, की आता मोठेपणा दाखवायचा. वडिलांचं मशीन द्यायचं आणि म्हणायचं : झालं गेलं विसरून जा, मी मनात काही ठेवलेलं नाही. हे वाक्य ते दोन दिवस मशीनला ऐकवत आले होते. कधी 'विसरून जा' वर जोर देऊन, कधी 'मी' वर. आणि तंबूंचं बोलायचं नाही हे मान्य असूनही, परत आलेल्या चोवीसांतला जो एक त्यांनी पुरावा म्हणून माळ्यावर जपून ठेवला होता, तो त्यांनी व्हॅनमध्ये टाकलाच. चुकून विषय निघालाच, तर असावा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातलं.

त्या तंबूतच आता झोपायचं होतं. व्हॅन सामानाने भरली होती, आणि पुढच्या सीटवर पाय दुमडून एक रात्र काढल्यावर गुडघ्यांनी साफ नकार दिला होता.

मास्तर आत शिरले, सतरंजी पसरली आणि आडवे झाले. पलीकडचे पत्ते संपले, कंदील विझला. मग हमरस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांचा आवाज तेवढा राहिला. एवढं एकटं त्यांना घरीही वाटत नसे. घरी निदान भिंती ओळखीच्या होत्या, बायकोची खुर्ची होती, फ्रिज मधूनच घरघरायचा. इथे कापडाच्या एका थराच्या पलीकडे सगळं जग होतं आणि त्यातल्या एकालाही ते कोण हे माहीत नव्हतं. आपल्याला या क्षणी काही झालं तर सकाळी बाईंना कळेल, आणि बाईंना आपलं नावही ठाऊक नाही, असं त्यांच्या मनात आलं. त्यांना धाकट्याची आठवण झाली. लहानपणी दोघं एका पांघरुणात झोपायचे आणि धाकटा सगळं पांघरूण ओढून घ्यायचा. तेव्हा त्याला लाथ मारायची सोय तरी होती.

उजाडायच्या जरा आधी त्यांना जाग आली ती कपाळावर थेंब पडला म्हणून. बाहेर बारीक पाऊस लागला होता. दुसरा थेंब पडला, तो भुवईवर. मास्तर उठून बसले, आणि सांगायला लाज वाटते, पण त्यांना आनंद झाला.

"बघ!" ते अंधारात म्हणाले. "बघ, मी म्हणत नव्हतो?"

अकरा वर्षं ते आपलं म्हणणं धरून होते, आणि आता पुरावा थेट कपाळावर पडला होता. त्यांनी सतरंजी बाजूला सरकवली, थेंबाखाली चहाचा पेला ठेवला आणि त्याचा टपटप आवाज एखाद्या जिंकलेल्या खटल्याचा निकाल ऐकावा तसा ऐकत बसले. काय म्हणत होता, उसवून बघ! आता काय उसवायचं राहिलं?

पाऊस थांबला. हळूहळू फटफटलं. पूर्वेकडचं कापड आधी राखाडी झालं, मग पिवळट. आणि मास्तरांचं लक्ष वर गेलं.

छपराला दोन शिवणी होत्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी शिवण होती तशी गडद होती. डाव्या शिवणीतून मात्र दाराच्या बाजूला, वीतभर लांबीत, उजेड आत येत होता. एकेका टाक्याला एकेक ठिपका. भोकं दिसत होती, चक्क डोळ्यांना दिसत होती. एवढी मोठी भोकं बारीक सुईची नसतात. हे ओळखायला मास्तर लागत नाहीत, कारखान्यातल्या शिकाऊ पोरानेसुद्धा ओळखलं असतं.

त्यांनी चष्मा लावला. गुडघ्यांवर उभं राहून त्यांनी ती शिवण बोटाने धरली आणि कडेपर्यंत बोट नेलं. धाकट्याची गाठ तिथे असायला हवी होती.

गाठ नव्हती. तीन टाके उलटे मागे आले होते.

मास्तरांनी उजव्या शिवणीचं टोक चाचपलं. तिथे गाठ होती, बारीक, घट्ट, मेणाने गुळगुळीत झालेली. पुन्हा डावीकडे आले. तीन टाके. पुन्हा उजवीकडे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण गावालासुद्धा माणूस अकरा वर्षं वळसा घालत नाही.

मग त्यांना आठवलं. आठवलं असं तरी कसं म्हणावं, विसरलंच कुठे होतं? त्या चोवीस तंबूंच्या घाईत धाकट्याची मुलगी आजारी पडली आणि तो तीन दिवस घरी होता. माल दुसऱ्या दिवशी पोचता करायचा होता. चार तंबूंची डावी शिवण अर्धवट राहिली होती. मास्तर जेवून परत आले, धाकट्याच्या मशीनवर बसले आणि चारही उरकून टाकले. बारीक सुई पहिल्याच फेरीत मोडली, म्हणून त्यांनी आपली भिंतीची जाड सुई लावली. मेण शोधायचा कंटाळा केला. चार शिवणी. आणि शाळेच्या मास्तरीणबाई तंबू परत द्यायला आल्या तेव्हा काय म्हणाल्या होत्या? चोवीसातले चार गळले. हे दोन्ही चार मास्तरांच्या डोक्यात अकरा वर्षं शेजारी शेजारी राहत होते, आणि मास्तरांनी त्यांची कधी ओळख करून दिली नव्हती.

ते खाली बसले. पेल्यातलं पाणी सांडलं, त्याकडे त्यांनी पाहिलं नाही. शाळेची ती मुलगी महिनाभर दवाखान्यात होती. धाकटा सगळ्या कामगारांसमोर मान खाली घालून उभा होता. बायको मरताना म्हणाली होती. "अरे देवा," मास्तर म्हणाले.

माणसाचा हात मात्र मनापेक्षा चलाख असतो. थोड्या वेळाने मास्तर उठले, व्हॅनचं दार उघडलं, मशीनचा पट्टा सोडला आणि ते सिमेंटच्या बाकावर आणून ठेवलं. वीतभर शिवण. वीस मिनिटांचं काम. उसवायची, बारीक सुईने पुन्हा घालायची, टोकाला गाठ मारायची. गाठ ते धाकट्यासारखीच मारू शकत होते. मग कोण काय म्हणणार होतं? ज्याला दिसत नाही त्याला कोण दाखवणार होतं? माफ करायला निघालेला माणूस माफ करूनच परत आला असता. त्यांनी कात्रीच्या टोकाने तीन उलटे टाके कापले, शिवण उसवली, आणि सुईसाठी मशीनच्या पोटातला छोटा खण ओढला.

तो खण धाकट्याचा. तो गेल्यापासून कोणी उघडला नव्हता. आत मेणाचा गोळा होता, बोटांच्या खुणा असलेला. एका चिंधीत बारीक सुया टोचून ठेवल्या होत्या, सात-आठ, ओळीने. आणि ओळीच्या बाहेर, लांब, एकटी एक जाड सुई होती.

धाकट्याच्या खणात जाड सुई कधीच नसायची.

मास्तर ती सुई हातात धरून बसून राहिले. म्हणजे तो आजारी मुलीकडून परत आला, मशीनवर बसला, आणि त्याला ही सुई लावलेली दिसली. त्याने ती काढली आणि जपून ठेवली. तंबूच्या आत जाऊन तो उभा राहिला तेव्हा वर बघून त्याला सगळं दिसलं. कामगारांसमोर तो म्हणू शकला असता, ही तुझी शिवण आहे. तो तसं म्हणाला नाही. थोरल्या भावाने आपल्या हाताने उसवावं आणि आपल्या डोळ्यांनी बघावं, एवढंच त्याने मागितलं होतं. मास्तरांना रडू आलं, मोठ्याने आलं. बाकावर बसून, पहाटेच्या ओल्या मैदानात, ते लहान मुलासारखे रडले. कोणी ऐकणारं नव्हतं, आणि या वेळी त्याचं त्यांना बरं वाटलं.

मशीनला त्यांनी परत पट्टा लावला. शिवण घातली नाही.

"रेंज कुठे येते इथे?" त्यांनी झाडू घेऊन निघालेल्या बाईंना विचारलं.

"टाकीजवळ. त्या दगडावर उभं राहिलात तर." बाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढचा विनोद गिळला. "चहा टाकते मी."

मास्तर दगडावर चढले. फोन भावजयीने उचलला.

"भावोजी! कुठवर आलात? उद्या दुपारी येताय ना?"

"त्याला दे."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग एक श्वास, आणि मग, "दादा?"

हा शब्द मास्तरांनी अकरा वर्षांत ऐकला नव्हता. दोन दिवस घोकलेलं वाक्य त्यांच्या तोंडाशी आलं आणि त्यातला एकही शब्द आता चालण्यासारखा नव्हता.

"रात्री तंबूत झोपलो," ते म्हणाले.

"तू? तंबूत?" धाकटा म्हणाला. "खुंट्या नेल्या होत्यास का?"

"नाही. मागून घेतल्या."

धाकटा हसला. आवाज जुना झाला होता, पण हसणं तेच होतं. "वाटलंच मला. कुठला तंबू?"

"त्या चोवीसातला."

हसणं थांबलं.

"तंबूंचं बोलायचं नाही असं लिहिलं होतं मी," धाकटा म्हणाला.

"मी उसवून बघितलं."

मास्तरांना वाटलं रेंज गेली. ते दगडावर टाचा उंचावून उभे राहिले.

"ऐकू येतंय का? मी म्हटलं, मी उसवून बघितलं. चूक माझी होती. सुई सापडली मला तुझ्या खणात. मी तुला सगळ्यांसमोर... तू सांगितलं का नाहीस रे?"

"सांगितलं की. उसवून बघ म्हटलं." धाकट्याने नाक ओढलं. "आणि मीही काही साधू नाही दादा. सुई मला माल गेल्यावर लगेच दिसली होती. तेव्हाच शाळेला फोन करायला हवा होता. म्हटलं, नाही पडणार पाऊस. ती पोर माझ्याही डोक्यावर आहे. म्हणून म्हटलं, बोलायचं नाही. तुझं निघालं की माझंही निघणार."



"तुझे डोळे चांगले होते रे तेव्हा," मास्तर म्हणाले. "ही सगळी वर्षं चांगले होते. मी ती घालवली."

"हो," धाकटा म्हणाला. त्याने ते नाकारलं नाही. "आता उजवा गेला. डाव्याला दुपारी थोडं दिसतं. कालच्यापेक्षा आज कमी." मग त्याने विचारलं, "किती राहिलंय तुझं अंतर?"

"साडेतीनशे."

"मग उद्या कशाला? वाटेत आणखी मुक्काम कशाला करतोस?"

मुक्काम कशाला ठरवला होता हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. माफ करणाऱ्याने घाई करायची नसते म्हणून.

"आज ये," धाकटा म्हणाला. "चारच्या आत ये. मी दारात खुर्ची टाकून बसतो. मला तुझं तोंड बघायचंय."

मास्तर दगडावरून उतरले. सात वाजून गेले होते. आठ तास, आणि व्हॅन पन्नासच्या वर गेली की थरथरते. त्यांनी ओला तंबू, डावी शिवण उघडी तशीच, घाईघाईने गुंडाळला. खुंट्या उपटल्या, त्यातली एक हलेना, ती बाईंनी तिरपी ओढून काढली. मास्तरांनी डबा त्यांच्यापुढे धरला.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "परत येताना द्या. आणि चहा?"

"नको, वेळ नाही. चारच्या आत पोचायचंय."

"चारला काय आहे?"

मास्तरांनी सांगायला तोंड उघडलं आणि त्यांना ते थोडक्यात सांगता येईना. ते व्हॅनमध्ये बसले, मशीनचा पट्टा एकदा ओढून बघितला आणि गाडी सुरू केली. सूर्य समोरून वर येत होता. मास्तरांनी डोळ्यांवर हात धरला, त्याच्याकडे एकदा बघून घेतलं आणि हमरस्त्याला लागले.